संडास धरवत नाही: हे दुखणं नेमकं किती जणांचं?

कुठल्याही कार्यालयात, मंगल असो की सरकारी, बारा मोठी माणसं एका ओळीत बसली असली तर त्यातल्या एकाला अलीकडे कधीतरी संडास धरवलेली नसते. कपड्याला लागलेलं असतं, किंवा दारापर्यंत पोहोचता पोहोचता सुटलेलं असतं. हा माझा अंदाज नाही. जगभरातले 80 अभ्यास आणि त्यांतले साडेपाच लाखांच्या आसपास लोक एकत्र धरून केलेला एक मोठा आढावा 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमधलं प्रमाण 8 टक्के निघालं. साठीच्या आतल्यांत 4.9 टक्के, साठीच्या पुढे 9.3.

हाच हिशेब सोलापूरला लावून बघू. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. पोरंटोरं वगळून सहा लाख प्रौढ धरू. आपल्याकडे तरुण जास्त, म्हणून टक्काही खालचाच घेऊ, 5. तरी 30 हजार माणसं होतात. 8 टक्के धरले तर 48 हजार. हे सर्वेक्षण नाही, साधा गुणाकार आहे, पण दुखणं केवढं आहे ते कळायला तेवढा पुरतो. म्हणजे अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत एकही बोळ, एकही अपार्टमेंट यातून सुटलेलं नसणार. आणि तरीही तुम्ही कुणाला विचारलंत तर उत्तर येईल, "आमच्या माहितीत असं कुणी नाही बघा."

माझ्या दवाखान्यातही बरीच वर्षं 'असं कुणी नव्हतं'. लोक यायचे ते पोट बिघडलंय म्हणून, अशक्तपणा म्हणून, नाहीतर खाली आग होते म्हणून. मूळ तक्रार कुणी सांगत नव्हतं, कारण मी विचारत नव्हतो आणि कंपाउंडरसमोर, सुनेसमोर ती कोण काढणार? अमेरिकेत 1996 मध्ये झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं की ज्यांना हा त्रास आहे त्यांतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने डॉक्टरांकडे विषय काढला होता. तिथे ही गत, तर आपल्याकडे आणखी एक पदर वाढतो. सोलापूरच्या पूर्व भागात आजीबाई तेलुगू बोलणाऱ्या, अक्कलकोटकडून आलेल्या असतील तर कन्नड. डॉक्टरला यातलं तोडकंमोडकं येतं. मध्ये दुभाष्या म्हणून कोण? दहावीतला नातू. आजी नातवाच्या तोंडून डॉक्टरला काय सांगणार, की लुगडं खराब होतं? ती म्हणते, भूक लागत नाही. नातू तेवढंच मराठीत सांगतो, मी टॉनिक लिहितो, आणि आम्ही तिघंही सुटतो.

म्हणून या विषयातला कुठलाही आकडा वाचताना आधी बघायचं, कुणी विचारलं, कसं विचारलं. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 1.4 टक्क्यांपासून 19.5 टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. एवढी तफावत बघून वाटतं की यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. खोटं कुणीच बोलत नाही. एकाने विचारलेलं असतं, "महिन्यातून एकदा तरी घट्ट किंवा पातळ संडास नकळत झाली का?" दुसऱ्याने वर्षातून एकदा झालं तरी मोजलेलं असतं. तिसऱ्याने नुसता शेंबडासारखा चिकट स्राव आला तरी धरला, चौथ्याने वारा सुटणंही धरलं. साहजिक आहे, चाळणीची भोकं मोठी केली की जास्त खाली पडणार. त्याहून मजेची गोष्ट अशी की व्याख्या तीच ठेवून, महिन्यातून एकदा तरी, घट्ट किंवा पातळ, एवढंच मोजलं तरी समोर बसून किंवा फोनवर विचारलेल्या पाहण्यांत आकडा 8.3 ते 8.4 टक्के येतो आणि टपालाने कागद पाठवून विचारलं की 11.2 ते 12.4 टक्के. समोर माणूस असला की शंभरातले तीन-चार जण गप्प बसतात. कागदाची लाज वाटत नाही.

सगळ्यात नीट केलेल्या पाहण्यांपैकी एक अमेरिकेची, 2005 आणि 2006 या दोन वर्षांतली. घरी राहणाऱ्या, म्हणजे वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात नसलेल्या, चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं. गेल्या महिन्यात एकदा तरी असं झालेले 8.3 टक्के निघाले. पातळ संडास सुटणारे 6.2 टक्के, घट्ट सुटणारे फक्त 1.6. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा होणारे 2.7 टक्के. वयाप्रमाणे बघितलं तर विशीतल्यांत 2.6 टक्के आणि सत्तरीच्या पुढे 15.3 टक्के. वृद्धाश्रमांचा हिशेब वेगळाच. तिथे पाश्चात्त्य देशांत जवळजवळ निम्म्या लोकांना हा त्रास असतो.

यातल्या दोन गोष्टी आपल्या ठरलेल्या समजुतींना धक्का देतात. एक, विशीतही 2.6 टक्के, म्हणजे चाळीस तरुणांमागे एक. म्हातारपणाचा रोग म्हणून सोडून द्यावा असा हा विषय नाही. दुसरी, बायका आणि पुरुष यांच्यात फरक फारसा नाही. त्या पाहणीत बायका 8.9 टक्के, पुरुष 7.7. जगभराच्या आढाव्यात 9.1 आणि 7.4. बाळंतपणामुळे हे बायकांचंच दुखणं असणार, असं डॉक्टरलोकही पुष्कळ दिवस समजत होते. पुरुष मोजले गेले नव्हते, एवढंच. पुरुषांचा प्रकार बऱ्याचदा वेगळा असतो: संडासला जाऊन आल्यावर अर्ध्या-एक तासाने चड्डीला डाग. तो माणूस त्याला रोग मानतच नाही, 'नीट धुतलं गेलं नसेल' म्हणतो आणि गडद रंगाच्या पँटी वापरायला लागतो.

आता, मुळात आपण धरून ठेवतो ते कसं? हे एकदा नीट समजलं की पुढची कारणं आपोआप उलगडतात.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. वरून मळ आला की तो ताणला जातो आणि आपल्याला कळतं की लागली. त्याच्या तोंडाशी दोन स्नायूंची कडी आहेत, एकात एक. आतलं कडं आपल्या हुकमात नाही. ते झोपेतही आवळलेलंच असतं, आणि विश्रांतीच्या वेळी गुदद्वार बंद राहण्यामागे 70 ते 80 टक्के काम त्याचं असतं. बाहेरचं कडं आपल्या इच्छेने आवळता येतं. एस. टी. हलायला पाच मिनिटं आहेत, स्टँडवरचं स्वच्छतागृह लांब आहे, अशा वेळी आपण जे आवळतो ते हे. पण त्याचा दम थोडा. मिनिटभरातच ते थकायला लागतं. तोवर गुदाशयाने 'बरं, नंतर बघू' म्हणून सैल पडायचं असतं. तो चिडलेला असला, सुजलेला असला, तर सैल पडत नाही आणि मग आवळून काही उपयोग होत नाही.

तिसरा भिडू या दोन्हींच्या वर आहे. पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घालून परत पुढे येणारा एक पट्टा. जोंधळ्याच्या माळ्यावर पाखरं राखायला गोफण असते ना, तशीच याची रचना. गोफणीच्या खोळीत दगड बसतो तसा यात गुदाशय बसलेला असतो आणि पट्टा त्याला पुढे ओढून धरतो. त्यामुळे नळीला जवळजवळ काटकोनात बाक येतो. उभं असताना, चालताना हा बाक कायम असतो. उकिडवं बसलं की पट्टा सैल होतो, बाक सरळ होतो, वाट मोकळी होते.

आणि एक कसब तर असं की त्याचं कौतुक कुणी कधी केलंच नाही. दिवसातून अनेकदा आतलं कडं क्षणभर सैल होतं, आतला माल किंचित खाली येतो, गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला लागतो आणि ते ओळखतं: वारा आहे, पातळ आहे की घट्ट. मग मेंदू ठरवतो काय सोडायचं, काय नाही. चार माणसांत बसून आपण नुसता वारा बिनधास्त सोडतो, तो या चाचपणीच्या भरवशावर. शुगरने नसा बधिर झाल्या, अर्धांगवायू झाला, मणक्याला मार बसला, की ही ओळख चुकायला लागते.

तर धरून ठेवायला कडी शाबूत हवीत, नसा जाग्या हव्यात, गुदाशय लवचिक हवा, मळ फार पातळ नको, आणि शेवटी पायांनी वेळेवर पोहोचवलं पाहिजे. यातलं एखादं बिघडलं तर बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम बिघडले की त्रास सुरू होतो. पंचविशीत बाळंतपणात कडं फाटलेलं असतं, पण तेव्हा काही जाणवत नाही. पन्नाशी उलटल्यावर शुगर येते, गुडघे जातात, आणि मग एक दिवस सुटतं. ती बाई म्हणते, "आत्ताच झालं की हो हे." झालं होतं पंचवीस वर्षांपूर्वी.

बाळंतपणाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. 1993 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पहिलटकरणींची गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी केली. योनीमार्गे बाळंत झालेल्यांपैकी 35 टक्के जणींच्या कड्यात कुठे ना कुठे फट दिसली. बऱ्याच जणींना कसलाही त्रास नव्हता आणि वरवर तपासून ती फट कळलीही नव्हती. चिमटा लावून केलेली बाळंतपणं, मोठं बाळ, कळा देण्याचा टप्पा फार लांबणं, यांत धोका वाढतो. आपल्या देशात 2005-06 मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणं 38.7 टक्के होती, 2019-21 मध्ये 88.6 टक्के. सुधारणा मोठीच. पण आज साठीत-सत्तरीत असलेल्या बायकांची बाळंतपणं त्याआधीची. घरी, सुईणीच्या हातून, फाटलं तर हळदीचा आणि कोमट पाण्याचा शेक, टाके नाहीत. त्या पिढीला विचारलं पाहिजे आणि सांभाळून विचारलं पाहिजे.

पुरुषांच्या आणि बायकांच्याही बाबतीत एक कारण आपण स्वतःच्या हाताने ओढवून घेतो: गुदद्वाराचं ऑपरेशन. भगंदर, फिशर, मूळव्याध यांची शस्त्रक्रिया चांगल्या हातून झाली तर बहुतेकांचं बरं होतं, तरी कड्याला थोडाफार धक्का लागण्याची शक्यता असतेच. 'एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध बरी' अशा पाट्या लावून बसलेल्यांकडे जो गेला, त्याची गोष्ट वेगळी. मी अशा पाट्यांच्या सक्त विरोधात आहे आणि ते लपवत नाही. याशिवाय गर्भाशयाच्या तोंडाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दिलेल्या किरणोपचाराने गुदाशय कडक होतो. तो ताण सोसत नाही आणि लगेच ढकलतो.

पण सगळ्या पाहण्यांत सगळ्यात ठळकपणे पुढे येणारं कारण यापेक्षा साधं आहे. पातळ संडास. कडी धडधाकट असली तरी पाण्यासारखं धरणं अवघड. कडी अर्धवट असली तर अशक्यच. त्यामुळे ज्याला वरचेवर पातळ होते त्याने आधी ती पातळ का होते ते शोधावं. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर ती एक शक्यता. गोळी बंद करायची नसते, डॉक्टरला सांगून तिचा प्रकार किंवा वेळ बदलता येतो. दूध न पचणं ही दुसरी. संध्याकाळचा दुधाचा मोठा पेला आठ-दहा दिवस थांबवला की फरक कळतो. 'शुगर-फ्री' गोळ्यांत, च्युइंगममध्ये असतं ते सॉर्बिटॉल, जास्त चहा-कॉफी, आणि तिखट. शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात सांगणारा डॉक्टर फार दिवस धंद्यात टिकायचा नाही, म्हणून मी एवढंच म्हणतो की प्रवासाच्या आदल्या रात्री ती ताटात नको.

आणि आता याच्या अगदी उलटा प्रकार, जो ओळखायला डॉक्टरही चुकतात. पंचाहत्तरीचे एक आजोबा, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. घरचे सांगत आले, चार दिवस जुलाब थांबत नाहीत, दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं पाणी, त्यांना कळतही नाही. मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिलेल्या. हातमोजा घालून बोटाने तपासलं तर आत दगडासारखा घट्ट झालेला मळाचा गोळा. तो अडकून बसल्यामुळे मागचं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपत होतं. दुखणं बद्धकोष्ठाचं आणि औषध जुलाबाचं! गोळ्यांनी ते आणखी अडकत गेलं. एनिमा देऊन, हाताने काढून, नंतर रोज सारक चालू ठेवून आठवड्यात सगळं थांबलं. झोपून असणाऱ्या, दुखण्याच्या कडक गोळ्या घेणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'जुलाब' लागले की आधी हा विचार करायचा. एका बोटाची तपासणी दोन मिनिटांची असते, आणि लाजेपायी तीच टाळली जाते. रोग्याच्या लाजेपायी आणि, खरं सांगायचं तर, डॉक्टरच्या आळसापायी.

पोहोचण्याचा मुद्दा मी वर एका ओळीत उरकला, पण सोलापुरात तो अर्धा आजार आहे. विडी वळणारी बाई सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे उठलं की नुकसान. लागली तरी ती रोखून धरते, मग गुडघे धरून उठते, मग चप्पल शोधते, मग बोळाच्या टोकाच्या संडासपर्यंत जाते आणि आत कुणीतरी असतं. हिचं कडं कदाचित माझ्याइतकंच मजबूत असेल. तिच्याकडे फक्त तीन मिनिटं कमी पडतात. त्यात पाणी. उन्हाळ्यात काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात एका चादरीचं धुणं म्हणजे पिण्याच्या घागरीला हात घालणं. अशा घरात म्हातारं माणूस काय करतं? खाणं कमी करतं. पाणी कमी पितं. मग मळ घट्ट होतो, मग वर सांगितलेला प्रकार. किंवा बाहेर जाणंच सोडतं: गड्ड्याची जत्रा नको, नातीचं लग्न नको, पुण्याला मुलाकडे नको. हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं म्हणून आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण न घेणारी माणसं मला माहीत आहेत. घरचे म्हणतात, आजी अलीकडे माणूसघाणी झाली.

अशा घरी औषधाआधी खोलीच्या मांडणीने काम होतं. खाट संडासच्या जवळ सरकवणं, रात्री छोटा दिवा, भिंतीला धरायला लोखंडी दांडा, गुडघे वाकत नसतील तर भारतीय संडासवर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची, नऊवारीऐवजी निदान घरात गाऊन. कमरेला नाडीऐवजी इलॅस्टिक.

औषधोपचाराकडे येऊ. सुरुवात वहीपासून करावी. दोन आठवडे रोज लिहायचं: कधी लागली, पातळ की घट्ट, सुटली का, त्याआधी काय खाल्लं होतं, कळलं होतं की नकळत झालं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. लागल्याचं कळतं पण धरवत नाही, तिथे बहुधा बाहेरचं कडं कमजोर किंवा गुदाशय चिडका. कळलंच नाही आणि कपड्याला लागलं, तिथे आतलं कडं किंवा नसा. आणि जाऊन आल्यावर थोडं पाझरतं, तिथे पोट पूर्ण साफ होत नाही. निम्मं निदान वहीतच असतं.

त्यानंतर ईसबगोल. आपण ते बद्धकोष्ठासाठी ओळखतो, पण ते पाणी शोषून फुगतं, म्हणून पातळ संडासलाही बांधून आणतं. 2014 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत, हाच त्रास असलेल्यांना ईसबगोल दिल्यावर आठवड्याला सरासरी 2.5 वेळा सुटत होतं. बिनऔषधाची पूड घेणाऱ्यांत ते 4.3 होतं. पातळपणासाठी घ्यायचं तर दह्यात कालवून थोडं थोडं चालू करावं. ज्यांना गिळताना अडकतं किंवा आतड्याला अडथळा आहे त्यांनी ते घेऊ नये. लोपेरामाइड ही गोळीही चांगली आहे, आतड्याची चाल मंदावते आणि आतलं कडं थोडं आवळते. घराबाहेर पडायच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेत घेतली की पुष्कळांना लग्नाला जाता येतं. फक्त ताप असेल, रक्त पडत असेल, किंवा तो आजोबांसारखा आतला गोळा असेल तर ती घ्यायची नाही.

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर मोठं आतडं आपोआप हलतं. ती वेळ पकडून रोज बसायची सवय लावली की गुदाशय दिवसभर रिकामा राहतो. रिकाम्या गुदाशयातून काय सुटणार?

व्यायाम असा: वारा आणि लघवी एकदम अडवतो आहोत असं समजून खालचा भाग आत, वर ओढायचा. पोट, मांड्या, ढुंगण हलता कामा नये. श्वास चालू ठेवायचा. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा, तेवढीच विश्रांती. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात काही कळत नाही आणि लोक सोडतात. कमीत कमी तीन महिने लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात 171 रोग्यांवर झालेला, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. यंत्र लावून व्यायाम शिकवण्याचा कितपत फायदा होतो हे त्यांना बघायचं होतं. निकाल असा की यंत्राने वेगळा फायदा झाला नाही, कारण ज्यांना नुसतं बसवून नीट समजावलं आणि सल्ला दिला होता त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त जणांना फरक पडला. म्हणजे कुणीतरी ऐकून घेतलं, खाणं, वेळ, गोळी नीट बसवून दिली, एवढ्यानेच निम्मं काम होतं.

एवढ्याने भागलं नाही तर पुढच्या तपासण्या आहेत: गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी, दाब मोजण्याची नळी, गरज पडली तर दुर्बिणीने आतडं बघणं. फाटलेलं कडं शिवता येतं. सुरुवातीला निकाल छान असतो, पाच-दहा वर्षांत तो बराच उतरतो हेही आधी सांगायला हवं. कमरेखालच्या नसेला बारीक विजेचा झटका देत राहणारं, पेसमेकरच्या जातीचं एक यंत्र 1995 पासून या कामासाठी वापरात आहे. ते महाग आहे आणि मोठ्या शहरांतच बसवतात. शंभरातल्या फार थोड्यांना इथपर्यंत जावं लागतं.

कातडीची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. घासून पुसायचं नाही, पाण्याने धुवून टिपायचं, वाळू द्यायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा खोबरेल. डेटॉल नको, साबणाचा मारा नको. डायपर वापरण्यात कमीपणा नाही, पण ओला डायपर अंगावर तासन्‌तास ठेवण्यात जखमा आहेत.

काही लक्षणं दिसली तर वही-बिही काढत बसायचं नाही. संडासवाटे रक्त, वजन उतरणं, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली संडासची सवय, यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि कंबरदुखी असताना अचानक संडासवरचा ताबा गेला, लघवी तुंबली, दोन्ही मांड्यांच्या मधली, खोगिरावर टेकेल ती जागा बधिर झाली, तर मणक्यातल्या नसा दबल्या असण्याची शक्यता असते. तेव्हा तासांचा प्रश्न असतो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

एरवी कुठे जायचं? आधी आपला नेहमीचा डॉक्टर. त्याने लक्ष दिलं नाही तर सिव्हिलला केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत, बाळंतपणाचा इतिहास असेल तर स्त्रीरोगच्या. 1963 पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं रुग्णालय आहे, तिथे हे नवीन नाही. गर्दीत तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि ती डॉक्टरच्या हातात द्या: 'मला संडास धरवत नाही. अमुक महिन्यांपासून. आठवड्यातून अमुक वेळा. कळतं / कळत नाही. बाळंतपणं इतकी. ऑपरेशन हे झालंय. गोळ्या या चालू.' बरोबर आलेल्या नातवाला तोवर बाहेर चहा प्यायला पाठवा.